ऑरिन ट्वेटचं पहिलं ‘नाही’

ऑरिन ट्वेटने उभ्या आयुष्यात गावातल्या एकाही बाईला तिच्या पायाचं खरं माप सांगितलं नाही. बायका त्याच्यावर खूश असत त्या त्यामुळेच. लोखंडी मापपट्टीवर पाय ठेवला की ऑरिन वाकून बघायचा, “हं” म्हणायचा आणि शिडीवर चढून खोका काढून आणायचा. बँकेच्या मॅनेजरची बायको होती, तिचे पाय म्हणजे होड्या. पण दुकानातून निघताना तिच्या काखेत नाजूक मापाचा आकडा असलेला खोका असायचा. खोका एक आणि आतले जोडे भलतेच, हे फक्त ऑरिनला माहीत. आणि माझं सलून बरोब्बर समोर, म्हणून मला. आता ती बाई गेली, म्हणून बोलतो. तशी ती होती तेव्हाही मी बऱ्याच जणांना सांगितलं होतंच.

ट्वेटचं जोड्यांचं दुकान म्हणजे आमच्या टॉर्डल गावाच्या मुख्य रस्त्यावरची दुमजली विटांची इमारत. आजोबाने बांधली, बापाने चालवली, ऑरिनने ती म्हातारी होताना पाहिली. पुढे भली मोठी काच. आत दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी खण, खणांवर पितळी आकडे, आणि रुळावरून सरकणारी शिडी. मधे गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांची रांग आणि खुर्चीसमोर ऑरिनचं बुटकं स्टूल. त्या स्टुलावर बसून त्याने माझ्या पोरांना पहिले बूट घातले, आणि माझ्या बापाला शेवटचे. शेवटचे म्हणजे शवपेटीतले. बापाला आयुष्यभर डावा बूट चावायचा. ऑरिनने त्याही दिवशी डाव्या बुटात कापसाची पट्टी घातली. “आता त्याला काय कळणार आहे?” मी म्हणालो. तर म्हणतो, “त्याला नाही, पण मला कळेल ना.”

असा माणूस. स्वतःसाठी काही मागायची वेळ आली की मात्र पार लुळा. त्याचं लग्नसुद्धा लव्हॉनने जमवलं. ती शाळेत नवी मास्तरीण म्हणून आली होती. ऐन उन्हाळ्यात, जून महिन्यात, दुकानात येऊन तिने बर्फात घालायचे बूट मागितले. अख्ख्या गावाला कळलं, ऑरिनला कळलं नाही. तो बिचारा घामाघूम होऊन माळ्यावरून बर्फाचे बूट काढून घेऊन आला. पुढच्या आठवड्यात ती परत आली, म्हणाली डावा घट्ट होतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात उजवा. शेवटी ती म्हणाली, “ट्वेट, पायाला काही झालेलं नाही माझ्या.” तेव्हा कुठे याचे कान लाल झाले.

मग हमरस्त्यावर ते अवाढव्य दुकान उघडलं, जिथे टायर, दूध आणि बूट एकाच ढकलगाडीत मिळतात. ऑरिनचं दुकान बसलं. ज्या वर्षी त्याने विक्री बंद केली, त्याच हिवाळ्यात लव्हॉन गेली. तरी हा रोज सकाळी येऊन कुलूप काढायचा, फरशी झाडायचा, काचेतले दिवे लावायचा आणि रांगेतल्या एका खुर्चीवर पेपर वाचत बसायचा. बंद झालेलं दुकान रोज उघडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण छप्पर काही लव्हॉनच्या आठवणींवर उभं राहत नाही. ते गळायला लागलं. शेजारच्या बँकेला गाडीत बसूनच व्यवहार करायची खिडकी हवी होती, त्यासाठी गाड्यांचा रस्ता हवा होता, आणि तो रस्ता ऑरिनच्या दुकानातून जात होता. म्हणजे दुकान पाडून. ऑरिनची मुलगी जोलीन ॲरिझोनात असते. ती फोनवर म्हणायची, “बाबा, आणखी एक हिवाळा ते छप्पर बर्फ पेलणार नाही. एक दिवस तुमच्यासकट खाली येईल. विकून टाका.” त्याने तिला शब्द दिला होता: नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत दुसरं कोणी मिळालं नाही, तर बँकेला हो म्हणायचं.

दुसरं कोणी म्हणजे कोण, ते त्याने मला माझ्या खुर्चीत सांगितलं. गालाला साबण लावला की माणूस खरं बोलतो, हा माझा धंद्यातला अनुभव. म्हणाला, “कोणीही चालेल रे. बूट नकोत, काहीही विकू देत. दारातून माणसं आत यावीत, एवढंच. गाड्या जाण्यासाठी नाही बांधली ती इमारत आजोबाने.”

आता इथे आमच्या लोकांबद्दल एक सांगायला हवं. आम्ही सगळे नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या शेतकऱ्यांची नातवंडं. आमच्यात पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणारा माणूस हावरट. दुसऱ्यांदा हो म्हणणारा उतावळा. ग्लेनिसच्या कॅफेत रोज सकाळी आमची बैठक असते, तिथे हे ऐकून घ्या:

“कॉफी घालू का आणखी?”

“नको नको.”

“अहो, थोडीशी?”

“कशाला उगीच.”

“किटलीत राहिलीय, आता ओतूनच द्यायची.”

“मग घाला अर्धा कप. वाया जायला नको.”

तिसऱ्या खेपेचं हो, तेही समोरच्यावर उपकार केल्यासारखं. ग्लेनिसच्या नवऱ्याने तिला मागणी घातली तेव्हाही असंच झालं म्हणतात, पण ते राहू द्या, तो आत भांडी घासतोय.

सप्टेंबरात एके दिवशी चेलो अरिझमेंडी ऑरिनच्या दारात आली. चेलो मूळची मेक्सिकोतल्या हालिस्कोकडची. भावांबरोबर इथे टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात कामाला आली, बरीच वर्षं पक्षी कापायच्या ओळीत उभी राहिली. मग घरी भट्टी लावून पाव करायला लागली आणि पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या आवारात व्हॅनमधून विकायला लागली. वर शिंपल्यासारखी साखरेची नक्षी असलेले गोड पाव, त्यांना ती कोंचा म्हणते. आणि गुळाचे, डुकराच्या आकाराचे. ती गुळाची डुकरं खाऊन माझं वजन किती वाढलं, ते माझ्या डॉक्टरलाही मी सांगत नाही.

चेलोला दुकान हवं होतं. काचेतून तिने ते खण पाहिले होते. पाव ठेवायला याहून चांगली मांडणी कोणी मुद्दाम केली नसती.

मी समोरून बघत होतो. हातात वस्तरा होता, पण गिऱ्हाइकाची काळजी नव्हती, तो झोपला होता. दार उघडंच होतं. शब्द न् शब्द ऐकू आला.

“मिस्टर ट्वेट, हे दुकान मला विकत द्याल का हो? मला बेकरी काढायची आहे.”

ऑरिनचा चेहरा असा उजळला की मला इथून दिसला. आणि तो म्हणाला, “छे छे! इथे काय ठेवलंय बाई. छप्पर गळतंय, बॉयलर खोकतोय. ही ब्याद कशाला गळ्यात बांधून घेताय?”

पहिलं ‘नाही’. अगदी रीतसर. माझ्या आजीनेही याहून नीट म्हटलं नसतं.

चेलो म्हणाली, “बरं. माफ करा, उगाच त्रास दिला तुम्हाला.” आणि गेली.

ऑरिन दार धरून उभा. ती कोपऱ्यापर्यंत जाईल, वळेल, परत येऊन विचारेल, म्हणून. ती व्हॅनमध्ये बसली. व्हॅन गेली. हा दार धरूनच उभा. वारा आत घुसून कालच्या पेपराची पानं दुकानभर फिरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेनिसकडे दुसरा विषयच नव्हता.

“परत आली नाही म्हणे,” ग्लेनिस म्हणाली.

“नाही,” ऑरिन म्हणाला.

“मनापासून नको असेल तिला.”

“नसेल.”

“खरंच हवं असतं तर विचारलं नसतं का माणसाने?”

“विचारलं असतं,” ऑरिन म्हणाला, आणि कॉफीला तिन्ही वेळा नको म्हणाला. तेव्हा आम्ही समजलो, प्रकरण गंभीर आहे.

पण कोणी काही केलं का? नाव नको. दुसऱ्याच्या व्यवहारात नाक खुपसायचं नाही, हीसुद्धा आमची रीत. नाक खुपसायचं नाही, फक्त कान लावून बसायचं. पानगळ झाली. ऑक्टोबरअखेरच्या सणाचे भोपळे कोरून झाले, कुजून फेकूनही झाले. बँकेचा माणूस फीत घेऊन आला आणि फुटपाथ मोजून गेला. ऑरिन काचेआड उभा राहून त्याला बघत होता. एक दिवस मी पाहिलं, तो शिडीवर चढून रिकाम्या खणांची धूळ पुसत होता. वरच्या खणांची, जिथे बघायलाही कोणी जाणार नव्हतं.

मग चेलोचा भाऊ बेतो केस कापायला आला. बेतो छपरं घालायचं काम करतो, आणि खुर्चीत बसला की तोंड बंद ठेवत नाही. माझं आवडतं गिऱ्हाईक.

“काय रे, बहिणीने बेकरीचा नाद सोडला का?” मी सहज विचारलं. माझं सहज कसं असतं, ते गावाला ठाऊक आहे.

“सोडला नाही हो. सोडायला लावला. तुमच्या त्या समोरच्या म्हाताऱ्याने हाकलून दिलं तिला.”

“हाकललं? ऑरिनने?”

“मग काय. म्हणे, ब्याद कशाला घेताय गळ्यात. चेलो घरी येऊन रडली. मी म्हटलं, जाऊन परत विचार. तर मलाच ओरडली. म्हणाली, आईने काय शिकवलंय आपल्याला? म्हाताऱ्या माणसाने त्याच्या दारात एकदा नाही म्हटलं, की त्याला ते दुसऱ्यांदा म्हणायला लावायचं नाही. अपमान असतो तो.”

माझ्या हातातली कात्री थांबली. बेतोच्या एका कानावरचे केस त्या दिवशी जरा जास्तच गेले, त्याने तक्रार केली नाही. म्हणजे बघा. एकीकडे हा मर्यादेने नाही म्हणतोय, दुसरीकडे ती मर्यादेने निघून जातेय. दोघंही आपापल्या आईचं ऐकत होती, आणि त्यापायी अख्खी इमारत आडवी होणार होती.

बेतोच्या अंगावरचं कापड झटकलं आणि तसाच रस्ता ओलांडून ऑरिनकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं. एक शब्दही वाढवला नाही. म्हणजे फारसा नाही.

ऑरिनचे कान लाल झाले. बराच वेळ तो खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत राहिला.

“मी हाकललं असं वाटलं तिला?”

“रडली म्हणे.”

“मी तर... मी फक्त नाही म्हटलं रे.”

“तिच्याकडे नाही म्हणजे नाही असतं.”

“अरे देवा,” ऑरिन म्हणाला. “मग बिचारे व्यवहार कसे करतात?”

“जाऊन सांग तिला.”

“काय सांगू? घ्या हो माझं दुकान, असं? भिकाऱ्यासारखं?” त्याच्या तोंडून ते वाक्यसुद्धा निघेना. उठला, मागच्या खोलीत गेला. खोके सरकवल्याचे आवाज आले. बाहेर आला तेव्हा काखेत एक खोका होता आणि अंगात कोट. “तुझी गाडी काढ,” म्हणाला. “माझ्या गाडीची बॅटरी उतरलीय.” बॅटरी बिटरी काही उतरली नव्हती. एकट्याने जायचा धीर होत नव्हता.

कारखान्याची दुपारची पाळी नुकतीच सुटत होती. आवाराच्या कडेला चेलोची व्हॅन, मागचं दार वर, आणि त्याच्यापुढे लोकांची रांग. जमीन गोठलेली. ऑरिन मुकाट्याने रांगेत जाऊन उभा राहिला. मी गाडीची काच खाली केली. थंडी आत येत होती, पण अशा वेळी थंडीकडे बघायचं नसतं.

त्याची पाळी आली. चेलो त्याला बघून ताठ झाली. “काय देऊ, मिस्टर ट्वेट?”

“तुमचे बूट,” ऑरिन म्हणाला.

“काय?”

“कापडी आहेत. तळवा गेलाय त्यांचा. मी त्या दिवशीच पाहिलं होतं, तुम्ही निघालात तेव्हा. दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाने असले बूट घालू नयेत.” त्याने खोका पुढे केला. “हे नर्सबायका घालायच्या. राहिला होता एक जोड. तुम्हाला बसतील.”

“नाही नाही,” चेलो म्हणाली. “मी कसे घेऊ?”

“घ्या हो. पडूनच आहेत.”

“नको, मिस्टर ट्वेट. खरंच नको.”

“तुम्ही नाही घेतलेत तर उंदीर खातील. त्यांच्यापासून तेवढे वाचवा.”

रांगेतले लोक हसले. मागून एक जण ओरडला, “घे गं चेलो, आम्हाला भूक लागलीय!” चेलोचा चेहरा सैलावला. “बरं, द्या,” ती म्हणाली.

ऑरिनने पावाचा एक रिकामा क्रेट उलटा घातला, तिला त्यावर बसवलं, आणि गुडघे कुरकुरत असताना त्या गोठलेल्या जमिनीवर खाली बसला. तिचे जुने बूट काढले. तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला, टाचेला अंगठा लावला, बोटांपाशी दाबून पाहिलं. “हं,” म्हणाला. नाड्या ओवल्या. मी त्याला हे हजारो वेळा करताना पाहिलंय, पण त्या दिवशी मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. बघितलं नाही म्हणा. तो नाडी बांधत होता, आणि चेलो त्याच्या टकलाकडे बघत काहीतरी विचार करत होती.

“मिस्टर ट्वेट,” ती सावकाश म्हणाली, “मी आत्ता दोनदा नको म्हटलं, तरी तुम्ही थांबला नाहीत.”

“नाही.”

“तुम्हाला राग नाही आला?”

“राग कशाचा? लगेच घेतले असतेत तर जरा विचित्र वाटलं असतं.”

चेलोच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. नव्या बुटांतले पाय तिने जमिनीवर ठेवले, पण क्रेटवरून उठली नाही. त्याच्यासमोर बसूनच म्हणाली, “मिस्टर ट्वेट, तुमचं दुकान मला द्या.”

ऑरिनने वर पाहिलं. ओठ हलले. देवाशपथ, मी गाडीत बसून मनातल्या मनात ओरडत होतो, हो म्हण गाढवा, हो म्हण! आणि तो म्हणाला, “अहो, बॉयलर खरंच खोकतो...”

“माझा एक भाऊ बॉयलर दुरुस्त करतो. दुसरा छप्पर घालतो. तुमचं दुकान मला द्या.”

रांगेत आता पावांकडे कोणी बघत नव्हतं. भूक लागलेलाही नाही.

ऑरिनने तिच्या बुटाच्या नाडीचं टोक, आधीच सरळ असलेलं, पुन्हा सरळ केलं. “तुम्हाला फार अडचण होणार नसेल,” तो म्हणाला, “तर घ्या. मला आनंद होईल.” मग जे म्हणाला, ते टॉर्डलमध्ये जन्मलेल्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाला, “मला फार हवंय हे. तुम्ही यायला हवंय.”

चेलोने त्याला हात देऊन उठवलं. एकट्याने त्याला उठता आलं नसतंच.

बँकेला त्याने स्वतः जाऊन कळवलं. मॅनेजर म्हणाला, “पुन्हा विचार करा, मिस्टर ट्वेट.” ऑरिनने एकदाच नाही म्हटलं आणि मागे वळून पाहिलं नाही. जोलीन आधी फोनवर चिडली. मग चेलोशी बोलली. मग तिघं मिळून जोलीनच्या लहानपणच्या गोष्टी सांगत बसले, म्हणजे बेकरीचा विषय बाजूलाच राहिला. बर्फ पडायच्या आत बेतोने छप्पर घातलं, खाली ऑरिन त्याला खिळे मोजून देत होता आणि वर बघून मान मोडून घेत होता. खण धुऊन काढले. चेलोला पितळी आकडे उतरवायचे होते, पण खण पुसता पुसता तिने विचार बदलला. मागच्या खोलीत भट्टी बसली. भिंत फोडायची वेळ आली तेव्हा ऑरिन म्हणाला, “मी जरा बाहेर फिरून येतो.” पहिला हातोडा पडायच्या आतच तो परत आला आणि म्हणाला, “तिथे नाही, इथे फोडा. तिथे पाइप आहे.”

डिसेंबरात दुकान उघडलं. चेलोने आधीच सांगून ठेवलं होतं: दारातून आत आलं की एक थाळी घ्यायची, एक चिमटा घ्यायचा, आणि हवा तो पाव आपला आपण उचलायचा. आमच्या लोकांना आपलं आपण उचला म्हणणं म्हणजे शिक्षाच. सगळे थाळ्या छातीशी धरून एकमेकांना पुढे करत उभे. “तुम्ही आधी.” “छे, तुम्ही.” आणि आयोन ब्रेक, वय झालेली, थेट जाऊन खुर्चीवर बसली आणि सवयीने पाय पुढे केला.

“आयोन, आता इथे पाव मिळतात,” ऑरिन म्हणाला.

“ठाऊक आहे मला. मी काय वेडी आहे?” तिने पाय मागे घेतला नाही. “पण नाडी सुटलीय, आणि मला वाकता येत नाही.”

ऑरिनने बुटकं स्टूल ओढलं, बसला, तिची नाडी बांधली. मग हात धुऊन आला, थाळी आणि चिमटा घेतला, आणि तिच्यासाठी गुळाचं एक डुक्कर उचललं. ते कसं उचलायचं, हे बाकीच्यांनी टक लावून पाहिलं. मग हळूहळू शिडीखाली, खणांपाशी, चिमटे खणखणायला लागले. ग्लेनिससुद्धा आली होती. तिच्या कॉफीचं गिऱ्हाईक जाणार म्हणून तोंड पाडून, पण थाळी भरून.

जरा वेळाने मला ऑरिन दिसेना. पाहिलं तर फुटपाथवर उभा, कोट न घालता, काचेतून आत बघत. मी बाहेर गेलो.

“काय रे, बर्फात उभा राहून काय बघतोयस? तुझी जागा आत आहे, विसरलास का?”

“माणसं मोजतोय,” तो म्हणाला. मग मान हलवून म्हणाला, “नाही, मोजत नाही. नुसतं बघतोय.”

तेवढ्यात दार उघडलं आणि आतली ऊब, यीस्टचा वास आणि चेलोचा आवाज एकदमच बाहेर आले. तिच्या हातात त्याचा कोट होता. “मिस्टर ट्वेट! आजारी पडायचंय का? तिकडे तुमची एक बाई चिमट्याने पावाचा अर्धा तुकडा तोडून उरलेला परत ठेवतेय. मी काय सांगू तिला? या आत!”

“आलो, आलो,” ऑरिन म्हणाला, पहिल्याच हाकेला. आणि कोटाच्या एका बाहीत हात घालत आत गेला.